सातची शाळा आणि विदर्भाचा गारठा

डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली उतरला की पेपरमध्ये दोन बातम्या ठरलेल्या असतात. एक म्हणजे विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी मुंबई-पुण्याहून आलेल्या मंडळींना हुडहुडी भरल्याची. तिच्यासोबत शाल गुंडाळून, हातात वाफाळता चहा घेतलेल्या कुठल्यातरी साहेबांचा फोटो असतो. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातलं एक अधिवेशन इथे होतं, त्यामुळे निदान त्या काळात तरी आपल्या थंडीची दखल घेतली जाते. दुसरी बातमी आतल्या पानावर, चार ओळींची. थंडीमुळे शाळांची वेळ बदला नाहीतर सुट्टी द्या, अशी पालकांची मागणी. तिला फोटो नसतो. फोटो काढायचाच तर पहाटे सव्वासहाला गल्लीच्या तोंडाशी उभं राहावं लागेल, जिथे कानटोपी घातलेलं लेकरू आईला बिलगून ऑटोची वाट बघत असतं.

सुट्टी द्यावी की देऊ नये, यावर दरवर्षी बायकांमध्येही दोन तट पडतात. ‘आमच्या वेळी नव्हती का थंडी? आम्ही नाही गेलो शाळेत?’ असं म्हणणाऱ्या सासूबाई एकीकडे आणि ‘लेकरू आजारी पडलं तर रात्रभर जागायचं कोणी?’ म्हणणारी सून दुसरीकडे. दोघींचंही खोटं नाही. पण नागपूरची थंडी नेमकी कशी असते हे नीट बघितलं, तर या वादातला प्रश्नच थोडा वेगळा मांडायला हवा, असं वाटतं.

उत्तरेत बर्फ पडलं आणि तिकडचे कोरडे गार वारे मध्य प्रदेश ओलांडून खाली उतरले की विदर्भ गारठतो. आपल्याला समुद्र जवळ नाही. मुंबईला समुद्र रात्री ऊब देतो, तशी सोय इथे नाही. त्यात हिवाळ्यात आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते, तिला अडवायला ढगांचं पांघरूण नसतं. म्हणूनच नागपुरात दुपारी अंगातला स्वेटर काढून खुर्चीवर टाकावा लागतो आणि रात्री तोच शोधत फिरावं लागतं. डिसेंबरातही दुपारचं तापमान साधारण सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत जातं आणि पहाटे ते बारा-तेरावर येतं. लाट आली की आठ, सात, कधी त्याहूनही खाली.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. चोवीस तासांतली सर्वात गार वेळ मध्यरात्र नसते. ती असते सूर्योदयाच्या आसपास, कारण रात्रभर जमीन निवतच राहते आणि ऊन पडेपर्यंत ते थांबत नाही. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नागपूरला सूर्य उगवतो सहा वाजून पन्नास-पंचावन्न मिनिटांनी. आणि सकाळच्या शाळेची घंटा होते सात किंवा सव्वासातला! म्हणजे दिवसातला जो सर्वात थंड तास, बरोबर तोच आपण सहा-सात वर्षांच्या पोरांना घराबाहेर काढायला निवडलेला आहे. ठरवूनसुद्धा इतका अचूक निवडता आला नसता.

२९ डिसेंबर २०१८ ची सकाळ आठवते का? त्या दिवशी नागपुरात किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. त्याआधीचा नीचांक ७ जानेवारी १९३७ चा, ३.९ अंशांचा. म्हणजे ऐंशी वर्षांहून जुना विक्रम मोडला. कॅलेंडर काढून बघा, तो शनिवार होता. आणि शनिवारी आपल्याकडे एरवी दुपारी भरणाऱ्या शाळासुद्धा सकाळीच भरतात. नाताळची सुट्टी असलेल्या शाळा वाचल्या, बाकीच्यांना ती सकाळ अंगावर घ्यावी लागली.

हवामान खात्याचं थंडीच्या लाटेचं मोजमापही समजून घेण्यासारखं आहे. मैदानी भागात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली गेलं आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त घसरलं, तर थंडीची लाट. सरासरीपेक्षा साडेसहा अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त घसरलं तर तीव्र लाट. पारा चार अंशांवर आला तर मग सरासरी बघायचीच नाही, लाट समजायची. या हिशेबात शाळा कुठेही नाही. लाट आली म्हणजे शाळा आपोआप बंद, असा नियम नाही. शाळा बंद करण्याचा आदेश जिल्हाधिकारी देऊ शकतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे तेच जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. पावसासाठी हे अधिकार आपण वापरलेले बघितले आहेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली आणि त्या दिवशी शाळांना सुट्टी जाहीर झाली. त्यानंतरच्या पावसाळ्यांतही अशा सुट्ट्या मिळाल्या.

उन्हाचं तर बोलायलाच नको. उन्हाळ्यापुढे शासनही हात टेकतं. सगळ्या महाराष्ट्रात १५ जूनच्या सुमारास शाळा उघडतात, विदर्भात उशिरा. २०२४ मध्ये १ जुलैला उघडल्या, २०२५ मध्ये २३ जूनला. मार्च २०२५ च्या शेवटी उन्हामुळे राज्यभर शाळा सकाळच्या सत्रात घेण्याचे आदेशही निघाले. म्हणजे हवामान बघून शाळेचं घड्याळ फिरवता येतं, हे शासनाला मान्य आहे. मग उन्हाळ्यात जे घड्याळ मागे जातं, ते हिवाळ्यात पुढे का जाऊ नये?

शेजारच्या मध्य प्रदेशात हे दर हिवाळ्यात होतं. शिवनी, छिंदवाडा, बालाघाट हे जिल्हे तर आपल्या सीमेला लागून. नागपूरची कितीतरी माहेरं-सासरं तिकडे आहेत. तिथल्या राज्यात थंडी वाढली की जिल्हाधिकारी शाळांच्या वेळा पुढे ढकलतात, फारच झाली तर लहान वर्गांना सुट्टी देतात. दिल्लीत तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात हिवाळी सुट्टीच असते. जानेवारी २०२४ मध्ये थंडी ओसरेना म्हणून नर्सरी ते पाचवीची सुट्टी तिथे १२ तारखेपर्यंत वाढवली गेली होती. पण दिल्लीची थंडी आणि आपली थंडी एक नाही, हे विसरून चालणार नाही. तिकडे धुकं बसलं की दुपारी दोनलाही सूर्य दिसत नाही, दिवसच्या दिवस गार जातो. तिथे दहा वाजता शाळा भरवली तरी मूल कुडकुडणारच. आपल्याकडे साडेनऊ-दहाला छान कोवळं ऊन पडलेलं असतं. आपला त्रास दोन-अडीच तासांचा आहे. दोन तासांच्या दुखण्याला अख्ख्या दिवसाची सुट्टी, हे औषध जरा जास्तच झालं.

आणि सुट्टी कोणाला परवडते, हाही प्रश्न आहेच ना! जिच्या घरी सासूबाई आहेत, किंवा जी स्वतः घरी असते, तिचं भागून जातं. पण चार घरची धुणीभांडी करणारी, सकाळी नऊला अंगणवाडी उघडणारी, कापडाच्या दुकानात उभी राहणारी, कापूस वेचायला जाणारी बाई काय करील? आदल्या रात्री दहाला मोबाईलवर ‘उद्या शाळा बंद’ असा निरोप येतो. तिने त्या दिवसाची मजुरी बुडवायची, की सात वर्षांच्या पोरीच्या जिम्म्यात तीन वर्षांचं पोरगं टाकून जायचं? थंडीच्या दिवसात अशा घरात शेगडी पेटलेली असते. दार-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी पेटवली की त्यातून न दिसणारा, न वास येणारा विषारी वायू निघतो आणि झोपेतच जीव जातो, हे कितीदा वाचलं आपण. शाळेच्या वर्गापेक्षा ते घर जास्त सुरक्षित असं कसं म्हणायचं?

शिवाय सरकारी शाळा बंद म्हणजे दुपारचं जेवण बंद. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा पोषण आहाराचा हिशेब आहे. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. थंडीत शरीर ऊब टिकवायला जास्त अन्न मागतं. नेमकं तेव्हाच हे ताट काढून घ्यायचं! करोनाच्या काळात मार्च २०२० मध्ये ज्या शाळा बंद झाल्या, त्या पहिली ते चौथीच्या लेकरांसाठी उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला, आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस बंद. त्या काळात जे वाचन सुटलं, ते भरून काढताना शिक्षिकांच्या आणि आयांच्या नाकी नऊ आले. शाळा बंद करणं सोपं असतं हो, तिचं मोल नंतर द्यावं लागतं.

अमेरिकेत बर्फ पडलं की शाळा बंद, हे आपण लेकी-सुनांच्या फोनवरून ऐकतो. तिथल्या नोकरी करणाऱ्या मराठी मुलीही त्या सकाळी असंच डोकं धरून बसतात. न्यूयॉर्क शहराने तर बर्फाच्या दिवशी सुट्टीऐवजी घरून ऑनलाईन शाळा सुरू केली आणि १३ फेब्रुवारी २०२४ ला एकाच वेळी लाखो मुलं आत शिरू पाहताना यंत्रणाच अडखळली. म्हणजे श्रीमंत देशातही सुट्टी म्हणजे शेवटी आईच्याच गळ्यात.

म्हणून सुट्टीपेक्षा वेळ मागायला हवी. आणि वेळेबाबत आपल्या हाती एक कागद आहेसुद्धा. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीर कार्यक्रमात मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला आणि शाळेच्या वेळा बदलण्याचा विचार करा असं सुचवलं. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ ला शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय आला. पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, शाळा कुठल्याही माध्यमाची आणि कुठल्याही व्यवस्थापनाची असो, २०२४-२५ पासून. आनंद झाला होता ना वाचून? पण त्यातच एक खिडकी उघडी होती. ज्या शाळांना खरंच अडचण आहे त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. अडचण कोणाला नसते? स्कूलबसवाल्यांच्या संघटनेने ऑफिसच्या गर्दीची अडचण सांगितली, शाळांनी इमारतीची. एकाच इमारतीत सकाळी प्राथमिक, दुपारी हायस्कूल भरतं, मग नऊला सुरू झालेली प्राथमिक शाळा संपणार कधी आणि हायस्कूल बसणार कुठे? प्रश्न खरा आहे. पण त्यामुळे झालं असं, की कुठे नियम पाळला गेला, कुठे नाही, आणि एकाच गल्लीतली दोन मुलं दोन वेगळ्या वेळांना कुडकुडत निघतात.

काही शाळांनी यावर युक्ती केली. लहानांना नऊला आणलं आणि पाचवी-सहावीच्या वरच्या मुलांना सातला. थंडी तीच, फक्त एक इयत्ता वर सरकली. खरं तर वयात येणाऱ्या मुलांना रात्री झोप उशिरा लागते, हा त्यांचा आळस नसून शरीराचाच बदल असतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्येच सांगितलं होतं, की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलाला आठ ते दहा. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठायचं असेल तर पोराला रात्री साडेआठला झोपवायला हवं. कोणाच्या घरी झोपतं हो साडेआठला?

आणि पोर साडेपाचला उठतं तेव्हा आई कधी उठते, हे कुठल्याच शासन निर्णयात लिहिलेलं नसतं. डबा, पाणी तापवणं, दुसऱ्याला जागं करणं, हरवलेला मोजा शोधणं. साडेचार-पावणेपाचचा गजर तिचा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८. पावणेपाच तासांहून जास्त एकीकडे, दीड तासही नाही दुसरीकडे. शाळेची वेळ ठरवताना या पावणेपाच तासांतला पहिला तास कुठल्या अंधारात सुरू होतो, याचा विचार टेबलावर कोणीतरी मांडायला हवा ना?

विदर्भाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वात महत्त्वाची वाटते. सिकलसेल. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. यात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, पाठ, पोट असं दुखतं की मूल जमिनीवर लोळतं. ही कळ उठण्याची जी कारणं डॉक्टर सांगतात, त्यात थंडी आहे. अंगात पाणी कमी पडणं आहे. गार पाण्याने आंघोळ, गार वाऱ्यात उघड्या ऑटोतला प्रवास, थंडी म्हणून पाणी न पिणं, हे सगळं त्या मुलासाठी नुसतं ‘सर्दी होईल’ इतकं साधं नाही, त्याला दवाखान्यात भरती व्हावं लागू शकतं. वर्गात शिक्षकांना वाटतं पोरगं दांड्या मारतं.

केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलहूनच सुरू झालं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये तर सिकलसेल आजाराचा दिव्यांगत्वाच्या यादीत समावेश आहे. म्हणजे आपल्या मुलाला हा आजार असेल तर थंडीच्या दिवसात उशिरा येण्याची सवलत, वर्गात कोमट पाण्याची बाटली, प्रार्थनेच्या रांगेत मैदानावर उभं न राहण्याची मुभा, हे मागताना उपकार मागतोय असं वाटून घ्यायचं कारण नाही. डॉक्टरांचं पत्र हेडमास्तरांना द्यावं आणि वर्गशिक्षिकेलाही समजावून सांगावं. दम्याच्या मुलांचंही तसंच, कोरड्या गार हवेत त्यांची छाती भरून येते. आश्रमशाळेत राहणाऱ्या लेकरांचा विचार तर वेगळाच करावा लागेल. त्यांना सुट्टी दिली काय, वेळ बदलली काय, पहाटेची आंघोळ तिथेच आणि झोपायचंही तिथेच. तिथे गरम पाणी येतं का आणि ब्लँकेट पुरतात का, एवढंच विचारायचं.

स्वेटरचं बघा. समग्र शिक्षामध्ये एका मुलाच्या दोन गणवेशांसाठी ६०० रुपये धरलेले असतात. त्यात शर्ट-पँट बसवतानाच ओढाताण, स्वेटर कुठून बसणार? मधल्या काळात ‘एक राज्य एक गणवेश’चा घोळ झाला, कपडे उशिरा आले, मापात बसेनात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. त्यातून उरतो तो शाळेच्याच रंगाचा स्वेटर हवा, हा काही खाजगी शाळांचा हट्ट. शाळेच्या मोनोग्रामचा पातळ स्वेटर घालून काकडणारं मूल शिस्तीत, आणि मामाने आणलेला जाड लोकरी स्वेटर घातलेलं मूल वर्गाबाहेर. हिवाळ्यात नागपुरात तिबेटी मंडळींची स्वेटरची दुकानं लागतात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे त्यांची वसाहतच आहे, १९७२ पासूनची. तिथून घेतलेला कुठल्याही रंगाचा जाड स्वेटर दोन महिने चालवून घ्या, एवढं शाळेला सांगायला हरकत काय आहे? तसंच लहान मुलांच्या हाफ पँटचं. एका जाड स्वेटरपेक्षा आत बनियन, मग पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, वर शर्ट आणि मग स्वेटर, असे थर जास्त ऊब देतात आणि दुपारी एकेक काढताही येतात. कान, डोकं आणि पाय झाकलेले हवेत. रिकाम्या पोटी मात्र पाठवू नका, निदान गूळ-शेंगदाणे आणि कोमट दूध तरी.

गावाकडून तालुक्याला शिकायला येणाऱ्या मुलींचं काय, हे या चर्चेत नेहमी राहून जातं. काटोल, उमरेड, रामटेक, तुमसर, हिंगणघाट, कुठल्याही स्टँडवर सकाळी जाऊन बघा. अहिल्यादेवी होळकर योजनेच्या पासवर मुली फुकट येतात, म्हणून तर शिकतात. पण एसटीची पहिली फेरी शाळेच्या जुन्या घंटेवर बेतलेली असते. शाळेने वेळ नऊची केली आणि डेपोने गाडी सहाचीच ठेवली, तर मुलगी घरून अंधारातच निघणार आणि बंद शाळेच्या फाटकाशी दोन तास उभी राहणार. म्हणजे थंडी तर चुकली नाहीच, वर काळजी वाढली. शाळेची वेळ बदलायची तर डेपो मॅनेजरला पत्र त्याच दिवशी जायला हवं.

‘पण मग अभ्यासाचे तास?’ असं शाळा विचारेल. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास सांगितले आहेत. २० डिसेंबर ते ३१ जानेवारी धरलं तर नाताळ, संक्रांत, प्रजासत्ताक दिन आणि रविवार वजा जाता तेहतीस-चौतीस दिवस उरतात. रोज तास कापायचा नाही, फक्त पुढे सरकवायचा. दोन पाळ्यांच्या इमारतीत अर्धा-पाऊण तास कापावा लागलाच, तर तो फेब्रुवारीत, हवा छान असताना, शनिवार थोडा लांबवून भरून निघतो. निदान या सहा आठवड्यांत शनिवारची सकाळची शाळा तरी दुपारी घ्या.

याच शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीही सांगितली आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत ती असतेच. तिच्यात पाऊण सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. बहुतेक ठिकाणी आपली सही रजिस्टरवर असते आणि आपण घरी असतो. विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. नोव्हेंबरच्या बैठकीतच विषय मांडायला हवा, कारण लाट आल्यावर धावपळीत फक्त सुट्टीच मिळते, वेळ मिळत नाही. अर्जात तीन-चारच गोष्टी लिहायच्या: किमान तापमान दहाच्या खाली गेलं की दुसऱ्या दिवसापासून शाळा नऊला, कुठल्याही रंगाचा स्वेटर आणि फुल पँट चालेल, प्रार्थना वर्गात, आणि निरोप आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत. हा शेवटचा मुद्दा खोडू देऊ नका. रात्री दहाला आलेल्या निरोपाने फक्त मूल झोपलेलं असतं, आईने पोळ्यांची कणीक भिजवून ठेवलेली असते.